तेच वाक्य

गुरुवारी सकाळी आठला ट्यूमर बोर्ड.
बंद काचेतूनही मुंबई नाका आत ऐकू येतो.
कासलीवाल सर्जन, म्हणजे सगळ्याच बाबतीत सर्जन:
"चॅटबॉटला विचारून माझ्याकडे येतात.
मी म्हणतो, मग ऑपरेशनही त्यालाच सांगा."
आम्ही हसतो. पोहे गार होतात.

निहार, आमचा रेसिडेंट, हसत नाही.
तो टेबलाखाली डोसाचा हिशोब त्यालाच विचारतो
आणि मग पुस्तकात ताडून बघतो. दोनदा.
मागे एकदा त्याने एका शोधनिबंधाचा हवाला दिला,
लेखक, साल, पान, सगळं चोख,
फक्त तसा निबंध जगात नव्हता.
तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं.

मी स्वतः काय करते ते मी बोर्डात सांगत नाही.

रात्री पावणेदोन. गंगापूर रोड, तिसरा मजला.
लिहिलं: वय अडुसष्ट, स्वरयंत्र, आता यकृतातही गाठी.
नाव लिहिलं नाही. तेवढं पथ्य पाळते.
उपचार विचारायचे नव्हते, ते मला येतात.
विचारलं, कसं सांगू?

सात मुद्दे आले. पाचवा बरा होता.
आणि शेवटी, नेहमीसारखं:
कृपया आपल्या कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.
मी वळून मागे पाहिलं.
मागे दोरीवर कपडे वाळत होते.

शुक्रवारी ओपीडीत मुरलीधर वडनेरे, तांबट.
चाळीस वर्षांच्या ठोक्यांनी कान नेलेले,
आता आवाजही निघालेला.
शेजारी मुलगी, कुमुदिनी, फाईल छातीशी.
मी पाचवा मुद्दा म्हटला, जमेल तितका माझा करून:
"आजार पुरता जाणार नाही.
पण पुढचे दिवस कसे जावेत, यासाठी
आपल्याला बरंच काही करता येईल."

कुमुदिनी दचकली.
"मॅडम, हेच. शब्द न् शब्द हेच
परवा रात्री मोबाईलने मला सांगितलं."

ती चिडली असती तर सोपं होतं.
तिचा चेहरा सैल पडला,
दोन डॉक्टरांचं एकमत झाल्यासारखा.
अगं, हे दुसरं मत नाही,
एकाच विहिरीचं पाणी आहे, दोन घागरींत,
हे ओठांपर्यंत आलं
आणि मी पाण्याचा घोट घेतला.

वडनेऱ्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं.
त्यांनी टेबलावरचा स्टीलचा किडनी ट्रे उचलला,
नखाने टिचकी मारली,
कानामागच्या हाडाशी धरला,
आणि नापसंतीने खाली ठेवला.
मग खिशातली वही काढून लिहिलं:
*जवळ येऊन सांगा.*

मी खुर्ची ओढली. त्यांच्या कानाशी तोंड नेलं,
चिंच लावून घासलेल्या तांब्याचा वास आला,
आणि पाचवा मुद्दा आठवेना.

त्यानंतर मी जे बोलले
ते कुठेच लिहिलेलं नाही.
मलाही ते परत तसंच बोलता येणार नाही.
एवढं आठवतं, की मध्येच त्यांनी माझा हात धरला
आणि मनगटावर बोटाने हलकेच,
तडा कुठे आहे ते पाहावं तसं,
दोनदा ठोकून पाहिलं.