काचा आधी काढायच्या असतात

तीन रात्री आम्ही वाक्य घासत बसलो,
रोसामेल आणि मी,
चुलीच्या दोन बाजूंना, पोरं झोपल्यावर.
त्यातून 'भांडण' काढलं, 'कायमचं' काढलं,
'तुमच्या भल्यासाठी' त्याने खोडलं. तेवढं बरं केलं.
उरलं ते इतकं गुळगुळीत
की हातात धरवेना.

रविवारी सांगितलं, बटाटे सोलता सोलता,
कारण हात रिकामे असले की माझं तोंड बंद पडतं.
जांभळे बटाटे, आमच्या चिलोए बेटावरचे,
बोटं दोन दिवस शाईची राहतात.

बेलिसारियो अकरा वर्षांचा. त्याने मान वर केली नाही.
"बाबाचे गमबूट मार्चपासून दाराशी नाहीत," म्हणाला,
"बोटीवरच असतात. मला माहीत होतं."
मग विचारलं, कुत्रा कुणाकडे.
तीन रात्रींत आम्हाला कुत्रा सुचला नव्हता.

यास्ना सहाची. तिने नीट ऐकून घेतलं,
दोन घरं होणार,
एक इथे, एक कास्त्रोच्या धक्क्याजवळ,
आणि म्हणाली,
"मग बैल किती लागतील?"

सांगायला हवं: आमच्याकडे घर हलतं.
जागा सोडायची वेळ आली तर माणूस घर मागे टाकत नाही.
गेल्या उन्हाळ्यात ओर्फेलिनाबाईंचं हललं,
ओंडक्यांवरून, बैलांच्या सहा जोड्या, सगळा गाव दोराला,
उताराने थेट समुद्रात.
भरतीला ते तरंगलं, बोटींनी पलीकडच्या बेटावर नेलं.
यास्ना बाबाच्या खांद्यावर होती.
खिडक्यांतले पडदे हलत होते
आत कुणी असल्यासारखे.

रोसामेल हसला. किती महिन्यांनी.
आणि तसाच उठून लाकडं आणायला गेला.
लाकडं भरपूर होती.

मी म्हटलं, घर नाही गं हलत. बाबा हलतोय.
"एकटा?"
हो.
"दोराला कोण?"

याचं वाक्य आम्ही केलं नव्हतं.
हातातला बटाटा सोलून झाला होता, मी तरी सोलत होते.
म्हटलं, काका येईल पिकअप घेऊन. आणि शनिवारी तू.
खोटं नव्हतं. पुरेसंही नव्हतं.
"बाबा म्हणजे काय घर आहे का, वेडे,"
बेलिसारियो म्हणाला,
आणि बाकावर सरकून तिला जागा केली.

रात्री भांड्यांचा आवाज.
यास्ना फडताळासमोर, स्टुलावर उभी,
जुन्या पेपरात एकेक पेला गुंडाळत.
"ओढायच्या आधी काचा काढतात," तिने मला समजावलं,
रस्ता कसा ओलांडायचा हे मी तिला समजावते
त्याच आवाजात.
"ओर्फेलिनाबाईंनी काढल्या होत्या.
नाहीतर वाटेत तडकतात."

आम्ही काढल्या नव्हत्या.
वर्षभर दारं आपटली,
आणि काचा जागच्या जागी.

झोप म्हणायला आले होते.
खाली बसले, पेपर फाडून देत राहिले.
चौथ्या पेल्याशी ती थांबली.
"हा बाबाचा की आपला?"
मला ठरवता येईना. लग्नात आलेला होता.
दोघांचा, म्हटलं.

तिने तो दिव्यासमोर धरून पाहिला.
"मग याला," म्हणाली,
"दोन पेपर दे."