शेवटचा तिसरा हिस्सा

सर्जनची चिठ्ठी: हृदयातली हायडॅटिड गाठ.
असेल नसेल ते सगळं. गुरुवारी पोट्टा टेबलावर आहे.

मोन्तेविदेओच्या वैद्यक ग्रंथालयात
नेलिदा एचेगाराय कार्डं लिहू लागते.
पहिला तिसरा हिस्सा सोपा:
चार जाडजूड नियतकालिकं, हाताशीच,
पाठीवरची सोनेरी अक्षरं बोटांनी पुसट झालेली.
येर्बाची तुंबडी निवायच्या आत चाळीस कार्डं.

दुसऱ्या चाळिसांना एकोणीस नियतकालिकं लागली
आणि अख्खा मंगळवार.

उरलेले मात्र
सांडलेल्या मोहरीसारखे.
एक दंतवैद्यांच्या वार्षिकात (तिथे कसा गेला, देव जाणे),
एक लष्करी इस्पितळाच्या पत्रिकेत,
एक बल्गेरियन, त्याचा सारांशही बल्गेरियनच.
जितकं लांब जावं तितकं कमी हाती लागतं,
हे तिला पुस्तकानं शिकवलं नाही.
शिडीनं शिकवलं. गुडघ्यांनी.

बुधवारी संध्याकाळी, वरच्या फळीवर,
मेंढीपालक संघाचं त्रैमासिक.
लोकरीचे भाव, कातऱ्यांची जाहिरात,
अनुक्रमणिकेत शेवटून दुसरं नाव:
डॉक्टर इर्रासाबाल, ताकुआरेम्बो.
पानांच्या कडा अजून जोडलेल्या.
एकवीस वर्षांत कुणी सुरीच लावली नव्हती.

ती लावते.

मुलगी, वय सात. घरी अकरा कुत्री.
छाती उघडली, गाठ दिसली, लिंबाएवढी.
पुढं दीड पान बारीक टाइपात,
आणि तळाशी, जिथं लोक आभार मानतात तिथं:
आधी सुई घालून पाहू नका.
मी पाहिलं.

नेलिदा कार्ड लिहीत नाही.
फोनकडे जाते, चष्मा शिडीवरच राहतो.