फ्रिज

सिंदेवाहीच्या स्टँडवर मी बुकेचं दुकान टाकलं.
काचेचं. गुलाब नागपूरहून.
लाइन गेली की माना टाकायचे.

समोर तानाबाई मोहुर्ले, ओल्या पोत्यावर झेंडू,
दोऱ्याचं टोक दातात.
आलेल्याला एवढंच विचारायची,
लगन का माती?
मातीच्या हाराचे पैसे
त्या दिवशी मागायची नाही.
वर्षा-दोन वर्षांनी त्याच घरच्या मुंडावळ्या
तिच्याकडेच.

मी विचारायचो, कॅश का फोनपे?

आता थंड पाणी विकतो.
मे महिन्यात भर दुपारी ती येते,
न विचारता फ्रिज उघडते,
बाटल्यांमागे टोपली सरकवते.

परवा एक ड्रायव्हर म्हणाला,
पान्याले फुलाचा वास येते ना भाऊ.

येते, म्हटलं.
वीस रुपये.