गैरहजर

सकाळचे नऊ, आणि रेक्याविकमध्ये अजून रात्रच.
काचेत आमचेच चेहरे, ट्यूबलाइटखाली फिकट,
मागच्या बाकांवर कोटांचा ढीग, ओल्या लोकरीचा वास.
मी हजेरी घेते. विद्यापीठात कोणी घेत नाही,
पण खडकांच्या वर्गाला मी घेते, जुनी खोड.

बावीस नावं छापलेली. तेविसावं ड्रीवाचं,
सप्टेंबरात मी पेन्सिलनं लिहिलेलं,
टिकायची नाही असं धरून.

खरं सांगायचं तर बैठकीत मी नकोच म्हटलं होतं.
ऑलिवीन म्हणजे ऑलिवीन,
त्याला सोपा शब्द कुठून आणू?
कोणी उत्तर दिलं नाही. कॉफी आली. ठराव झाला.

ती पहिल्या रांगेत बसली.
वहीवर स्वतःचं नाव, त्याखाली माझं, चुकीचं.
शेजारी टिपणं काढायला कोलबेन, तिसऱ्या वर्षाचा.
त्याचं अक्षर इतकं गचाळ
की पंधरा दिवसांत ती त्याला टोकायला लागली.

मी मात्र तिला काही विचारत नव्हते.
ती बोलली की मान हलवायची, छान, छान,
जसं आपण दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाला म्हणतो.
तिला ते कळायचं.
ती गप्प होऊन हातातला खडा फिरवत राहायची.

मग नोव्हेंबरातला एक मंगळवार.
ड्रीवा थोर्केल्सदोत्तिर?
खुर्ची रिकामी.
कोलबेनला तिचं खडान्खडा माहीत असतं,
आज तो छताकडे बघत होता.
मी पेनानं लिहिलं: गै.

दुपारी कळलं. बाई पोहायला गेल्या होत्या.
गरम कुंडात गळ्यापर्यंत, केसांवर बर्फ झेलत,
वर्गातल्याच दोघींबरोबर.

तिघींना बोलावलं. तिघींना झापलं.
त्या दोघी बुटांकडे बघत उभ्या.
ड्रीवा लालबुंद. "मला कोणी ओरडत नाही."
"मी ओरडते. शुक्रवारपर्यंत लाव्ह्याचे पाच थर
वहीत काढून आण. रंगांसकट."

रात्री फोन. तिची आई, स्टाइनुन,
जिच्या नावातच आमच्या भाषेत दगड आहे,
मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला निघालेली.
आता तक्रार, मी तयारीत.
पलीकडून बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज.
"घरी येऊन दार आपटलं तिनं," ती म्हणाली.
"जेवताना तुम्हाला नावं ठेवत होती.
थोरली दोघं असंच करायची. हिनं कधी..."
आणि हसायला लागली,
ते हसू तिला आवरेना,
शेवटी मीच फोन ठेवला.

थर शनिवारी आले. एक दिवस उशिरा. चारच.

परीक्षेला ट्रेमध्ये दहा खडक मांडले.
उचल, सांग. वेळ लागेल तेवढा.
प्यूमिस तिनं डोळे मिटून ओळखला, वजनावर.
ऑब्सिडियनला म्हणाली, काच.
मी अर्धा गुण दिला.
"काचच आहे. तुम्हीच म्हणालात.
याच्या घाणेरड्या अक्षरात लिहिलंय, बघा."
बघितलं. होतं.

साडेसहाचे सात केले.
तीन चुकले, ते चुकलेच.

जाताना तिनं तेच तीन मागितले,
घरी न्यायला.
विद्यापीठाचे आहेत, देता येत नाहीत, मी म्हटलं.
ती हलेना.
एक दिला.