खाडा

सात चाळीसला पहिला.
कुकरची शिट्टी आणि तो, एकदमच.
मी आधी गॅस बारीक करते.

याच फोनवर आधी आया बोलायच्या,
अहमदपूरहून, मुखेडहून, कंधारहून.
"काकू, आमची वैष्णवी जेवली का हो?
दोन दिवस झाले, नीट बोलंना."
जेवली, म्हणायचे मी. दीड भाकरी. भात नको म्हणाली.
लातुरात, ट्यूशनच्या गल्लीत, चाळीस पोरींची मेस.
चाळिसांची भूक मला पाठ होती.

आता विचारतात,
"महानंदा शिवराज कोरे बोलताय का?"
पूर्ण नाव घेतात,
दवाखान्यात रिपोर्ट आल्यावर घेतात तसं.

काझी वकील म्हणाले, घाबरू नका, लिहा.
कोण, कुठून, किती वाजता, काय म्हणाला.
सकाळी आठच्या आधी आला तर खाली एक रेघ,
संध्याकाळी सातनंतर आला तर दोन.
नवी वही कशाला? मेसचीच होती, अर्धी कोरी.
तारीख, सकाळ, संध्याकाळ, खाडा.
रकाने आखलेलेच.

तर वैष्णवी बिडवेच्या खाली आता
फायनान्सचा पोरगा. नाव सांगत नाही.
त्याच्या खाली गटाच्या कर्जाच्या बाई,
त्या धमकीसुद्धा रडवेल्या आवाजात देतात.
आणि किराणावाले ढोबळे शेठ.
ते फक्त "काय मग?" म्हणतात, आणि थांबतात.
बाकीच्यांचं सगळं बोलणं एका पारड्यात टाकलं
तरी ते थांबणं खाली जातं.

ज्या दिवशी ज्याचा फोन नाही
त्याच्यापुढं खाडा लिहिते.
महिनाअखेर खाडे वजा करायची सवय हाताला.
कशातून वजा करू, हे त्याला कळत नाही.

पोरगा नंबर पुण्याचा लावतो, पण बोलण्यात केज-धारूर.
"मावशी, कव्हा भरायलाव?"
मग मधेच आवाज ताठ होतो,
"अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल."
पाठीमागं कुणीतरी येऊन उभं राहिलं असणार.

नादार.
हा शब्द मला नवा नाही.
सातवीत नादारी मिळाली होती, फी माफ.
गुरुजींनी वर्गात उभं करून नावं वाचली.
आता न्यायाधीश वाचतील.
तेव्हा निदान फ्रॉक तरी नवा होता.

अर्जाला याद्या लागतात.
देणं : सहा जण.
मालमत्ता : कुकर तीन, एकाची रिंग गेलेली.
पोळ्यांचा मोठा तवा. ताटं एकोणचाळीस.
चाळिसावं कुणी नेलं ते माहीत आहे,
अर्जात त्याला रकाना नाही.

"आणि येणं?" काझी म्हणाले.
येणं.
लॉकडाऊनला पोरी एका रात्रीत गेल्या,
गाद्या गुंडाळायलाही थांबल्या नाहीत.
अकरा जणींचे राहिले. एक आता नांदेडला डॉक्टर.
"शपथेवर आहे, बाई. लपवता येत नाही."

नंबर होता. लावला.
"हॅलो, कोण?"
आणि माझ्या तोंडून निघालं,
"डॉक्टर स्नेहल गुट्टे बोलताय का?"
हुबेहूब त्या पोराच्या चालीत.
ठेवून दिला.

नाव मात्र लिहिलं. रक्कम लिहिली.
शपथ ती शपथ.

आज सहा पन्नासला पोरगा.
मी म्हटलं, लिहून घे बाळा, अर्ज दाखल झालाय,
नंबर सांगते. यापुढं जे काय ते
जिल्हा कोर्टात, वकिलाशी.
पलीकडं खूप वेळ काहीच नाही.
मग हळूच,
"एक मिनिट मावशी, पेन सापडंना."

ड्रॉवर उघडल्याचा आवाज.
कुणाला तरी विचारतोय, पेन हाय का रे.
सात वाजायला दोन मिनिटं कमी.
मी वही मांडीवर घेऊन बसलेय,
फोन कानाला.
शोध म्हटलं. सावकाश.