दुभाषा

मावशीचा जबाब घ्यायला साहेब दिल्लीहून आले
आणि तिची बोली त्यांच्या हिंदीत घालायला मी,
वॉर्ड ऑफिसातला कारकून, तिचा सख्खा भाचा.
बेलापूरच्या चौकीतला पंखा आम्ही बंद केला,
टेपमध्ये त्याचाच आवाज जास्त येत होता.

नाव? पदीबाई हिराजी कोळी.
वय? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बासष्ट सांगितलं.
धंदा? निवट्या.
मी म्हटलं, मछली.
पाण्याबाहेर चिखलावर चालत येणारा जीव,
पण रकाना तेवढाच होता.

विमान सुटल्यावर किती सेकंदांनी आवाज बदलला?
ती म्हणाली, बिलान हात व्हता. निवटी बोटाला लागलेली.
हात भायेर कारासाठी लागतं, तवरा येल.
साहेबांनी घड्याळ धरलं.
मावशीनं टेबलाखालच्या हवेत
कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले,
चाचपलं, मूठ आवळली,
आणि नखं जपत हळूच बाहेर काढली.
अकरा, साहेब म्हणाले.
अकरा लिहिलं गेलं.

पक्षी धडकला का, हे त्यांनी तीनदा विचारलं,
तीन तऱ्हांनी. तिसऱ्यांदा
मलाच हो म्हणावंसं वाटलं.
ती म्हणाली, सुकती व्हती. लाल टांगांचे समदे खाली,
माना चिखलान. पोटाचा सोरून कोन उरतंय?
मशीन खोकला. आमचे होरीचा खोकतं तसा,
तेलान पानी आसला का.
मी खोकला शब्दशः दिला.
कागदावर आलं : अनियमित आवाज.

मंग परला, ती म्हणाली.
गिरा, मी म्हणालो.
पण आमच्यात वारा परतो, भाव परतो,
होरीला भोक परतं,
आणि हिराजी मौसा गेल्या शिमग्यात
अंथरुणावर परला तो परलाच.
साहेब वाट बघत होते.
गिरा, मी पुन्हा म्हणालो.

चिखलात धावता येत नाही.
ती फळीवर एक गुडघा टेकून
दुसऱ्या पायानं रेटत गेली. डावा पंख
तिवरांत, उजवा कुठेच नाही.
शिकवणारे नोरोन्हा गप्प होते, अगदी गप्प.
शिकणारी पोर, वृंदा पै, पट्ट्यात लटकलेली,
डोळे उघडे, आणि तोंडात एकच :
नोज, नोज, नोज.

नातीच्या बालवाडीमुळे तेवढा शब्द मावशीला येतो.
तिनं खाडीच्या पाण्यात पदर पिळला,
पोरीच्या नाकातला चिखल करंगळीनं काढला,
हनुवटीखाली तळहात दिला
आणि तिचं तोंड वर धरून बसली,
भरती कमरेला लागेपर्यंत,
पोरं दोर घेऊन येईपर्यंत.

साहेबांनी टेप थांबवला.
मला हळूच म्हणाले, ती विमानाचं नाक म्हणत असणार.
उड्डाण घेताना ते जास्त उचललं की
विमान वर जात नाही, बसतं.
शेवटपर्यंत ते खाली घ्यायला सांगत असणार
कुणीतरी कुणाला तरी.

मावशी माझ्याकडे बघत होती.
काय म्हंतान सायब?
दुपारभर मी तिचंच त्यांच्याकडे नेलं होतं.
हे तिच्याकडे आणलं नाही.
काय नय, म्हटलं. अंगठा कर हितं.

शाई तिनं पदराला पुसली.
फाटकाशी थांबून म्हणाली,
पोरीचा नाक बरा हाय ना रं?

बरा हाय, म्हटलं.
रिक्षा मिळेना. आम्ही चालतच निघालो,
वरून एक आवाज गेला तेव्हा
तिचा उजवा हात झोळीत होता,
आणि तो बाहेर येईपर्यंत
मीही थांबलो.