दोन बोटं

मुक्ता म्हणाली, बत्ताशाला बँडवाला करायचंय.
शाळेत गॅदरिंग आहे, बाई म्हणल्या
कुत्रं आणायचं तर आणा, पण भुंकू देऊ नका.

गंजगोलाईतल्या ऑफिसातून मी
एक बाद झालेला कोट मागून आणला.
लाल मखमल, कोपरात विरलेली,
छातीवर जरीची दोरी,
सहा पितळी बटणं, त्यातली चार शाबूत.
बत्ताशा त्यावर बसला आणि झोपला.
मुक्ताला वाटलं, झालं काम.

थांब म्हणलं.
आधी दोन दिवस त्याला हुंगू दे.
माझा घाम, माझ्या आधीच्याचा घाम,
अत्तर, अक्षता, जनरेटरचा धूर,
एवढं सगळं आहे या कापडात,
वाचू दे त्याला.

मग टेप घेतला. गळा, छाती, पुढच्या पायांमागचा घेर.
तो टेप चाटायलाय, मुक्ता वहीच्या मागं आकडे लिहायली.
गळ्यात तुझी दोन बोटं सहज गेली पाहिजेत, म्हणलं,
नाही गेली तर तो कोट नाही, फास आहे.

पहिल्यांदा बटणं काढली.
रात्रीतून एखादं गिळलं तर
जनावराचा डॉक्टर कुठं धुंडावा?
मग दोरी. मग खांद्यावरच्या झिरमिळ्या,
कारण डोळ्यापुढं जे हलतंय
ते त्याला खायचंच असतंय.
पोटाखालचं कापड सगळंच कापलं.
मध्येच लघवीला जावं लागतं, हे
वरातीचा कोट शिवणाऱ्याला
कधी सुचलेलं नाही.

टोपी राहिली होती. हनुवटीखाली इलॅस्टिकची.
मुक्तानं घातली
आणि बत्ताशा खांबासारखा उभा.
शेपूट पायांत. जांभई. ओठ चाटले.
परत जांभई.
बघा बाबा, कसा शहाण्यासारखा उभाय,
आवडली त्याला!

मी थोडा वेळ काही बोललो नाही.

मे महिन्यात, औसा रोडला,
नवरदेवाची गाडी एकाच जागी दीड तास,
पोरं म्हणतात अजून एक, अजून एक,
क्लॅरनेट हातात तापलेलं,
तेव्हा मीपण असाच उभा असतो.
व्हिडिओत बघ कधी. एकदम शहाण्यासारखा.

काढ ती टोपी, म्हणलं.
तिनं काढली. त्यानं अंग झाडलं
नाकापासून शेपटापर्यंत,
विहिरीतून वर आल्यासारखं,
आणि त्याचा मोडका कान
परत मोडका झाला.

शेवटी मखमलही गेली.
फेब्रुवारीच होता, पण लातूरचं ऊन
कॅलेंडर बघत नाही,
आणि आतली आग बाहेर टाकायला
कुत्र्याकडं जीभ सोडून फार काही नसतं.
उरला तो तिच्या मायच्या जुन्या सुती साडीचा
एक लाल तुकडा, पाठीवर,
एका ओढीत सुटणारी गाठ,
आणि त्यावर मुक्तानं पिवळ्या रंगानं काढलेली
सहा बटणं. सहाही शाबूत.

स्टेजवर तो चार मिनिटं होता.
माईकची वायर हुंगली,
मुख्याध्यापकांच्या बुटाजवळ बसला,
मुक्ताकडं बघून शेपूट हलवलं.
नंबर एका गवळणीचा आला.
खाली आल्या आल्या मुक्तानं गाठ ओढली,
पाणी पाजलं, भाकरीचा तुकडा दिला,
मगच स्वतःच्या मैत्रिणींकडं गेली.

त्या रात्री वरात होती. घरी यायला बारा वाजले.
मुक्ता जागीच.
मी उंबऱ्यावर बसून बूट काढायलो,
तर ती मागून आली
आणि माझ्या कोटाच्या गळ्यात बोटं घातली.
एक गेलं.
दुसरं गेलं नाही.

मालकाचा कोट आहे गं, म्हणलं.
मग मालकाला माप द्यायचं, म्हणाली,
आणि टेप कुठं ठेवलाय ते
अंधारातच शोधायली.
बत्ताशा माझ्या मनगटावरचं मीठ
चाटत होता.